तळाची नळी

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माती खात होत्या.

अगदी गिळत नव्हत्या. ओल्या गाळाची चिमूट पुढच्या दातांत धरून, डोळे मिटून, लांबचं काही ऐकू यावं तशा उभ्या होत्या. जयपूरच्या त्या सरकारी प्रयोगशाळेत मी नुकताच बदलून आलो होतो. हातात रुजू होण्याचा कागद होता आणि दारात भांडारातले किशनजी मला अडवून उभे होते. "रुकिए साब," ते कुजबुजले, "बाईजी सुन रही हैं."

थोड्या वेळाने बाईंनी डोळे उघडले, ओठ रुमालाला पुसले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "कचकच लागतेय. वाऱ्याने आलेली आहे ही. तेव्हा इकडे धुळीची वादळं फार व्हायची."

"केव्हा? मागच्या उन्हाळ्यात?" मी विचारलं.

"छे हो. झाली असतील चार-पाच हजार वर्षं." मग माझा कागद वाचून त्या एकदम खुश झाल्या. "सांगलीचे तुम्ही? म्हणजे मराठीच की! तुमच्याकडे तेव्हा बरं होतं. नदी होती ना."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी सांगलीकर झालो, आणि आज ऐंशीच्या घरात आलो तरी सांगलीकरच आहे.

आपल्या जयपूरच्या मराठी मंडळातल्या जुन्या लोकांना बाई आठवत असतील, गाळवाल्या बाई म्हणून. त्यांच्याविषयी जे बोललं गेलं तेही आठवत असेल. बाईंनी मोठा शोध लावला म्हणून सांगितलं आणि पुरावा मागितला तेव्हा तो गायब केला, असं आपल्याच घरांतून बोललं गेलं. मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिहा असं संपादक मला दरवर्षी म्हणतात आणि मी दरवर्षी टाळतो. या वर्षी लिहितो आहे, कारण त्या पुराव्याचं काय झालं ते मला माहीत आहे. पण आधी बाई कशा होत्या ते सांगतो. ते सांगताना मला बरं वाटतं.

बाई अकोल्याकडच्या. सुती साडी, पायात पुरुषी कातडी बूट, आणि तळ्यावर असल्या की डोक्याला किशनजींनी बांधून दिलेला साफा. आदर्श नगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. घरात भांड्यांपेक्षा बाटल्या जास्त. चहात साखर घालण्याआधी त्या डबा नाकाशी नेऊन वास घ्यायच्या, कारण एकदा पाहुण्यांच्या चहात खाऱ्या तळ्याचा नमुना गेला होता. लग्न का केलं नाही असं मंडळातल्या एका काकूंनी विचारलं, तर म्हणाल्या, "मधे एकदा विषय निघाला होता. पण मी तेव्हा तळ्यावर होते."

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. तळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळ बसत जातो. पाऊस चांगला झाला तर एका तऱ्हेचा, दुष्काळ पडला तर दुसऱ्या तऱ्हेचा, थरावर थर. त्यात पोकळ नळी उभी ठोकून बाहेर काढली की तळ्याचं सगळं मागचं आयुष्य नळीत उभं मिळतं. वरती अलीकडचं, तळाशी सगळ्यात जुनं. कुठे बारीक वाळू, कुठे मीठ, कुठे एखाद्या गवताचा परागकण. त्यावरून बाई सांगायच्या, या सुमारास पाऊस किती होता, तळ्यात पाणी किती होतं, गोडं की खारं.

गंमत अशी, की त्यांना ते जुनं वाटतच नसे. मंडळाच्या हळदीकुंकवाला एका बँकेच्या साहेबांची बायको नवीनच आली होती. तिने सहज विचारलं, "बाई, इकडे पाऊस कसा असतो हो?"

बाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. "पूर्वी छान होता, बापा. मग कमी होत गेला. मधे काही शतकं तर फारच वाईट गेली. पण सुधारेल. तुम्ही काळजी करू नका."

ती बिचारी घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली म्हणे, "अहो, आपली इथली बदली नक्की किती वर्षांची आहे?"

आणि गणपतीची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. मंडळाची मूर्ती त्या वर्षी नव्या कारागिराकडून आणली होती. आरतीआधी सगळे फुलं लावण्यात गुंतलेले, आणि बाई मूर्तीच्या मागे वाकून उभ्या. अध्यक्षांच्या पत्नी जाऊन बघतात तर बाईंनी नखाने पाठीमागची माती खरवडली होती आणि ती दातांत धरून त्या ऐकत होत्या.

"अहो बाई! देव आहे तो!"

"देव पुढून आहे," बाई म्हणाल्या. "मागून तळ्यातली माती आहे. आणि चांगल्या तळ्यातली आहे. कुठून आणली ते विचारा बरं त्या माणसाला."

पुढचा महिनाभर आम्ही त्या कारागिराच्या तळ्याचा शोध घेत जीपमधून फिरत होतो. सरकारी डिझेलवर. तळं सापडलं, पण त्यात एक पेट्रोलपंप उभा होता. बाई पंपावरच्या पोराला म्हणाल्या, "तुम पानी में खड़े हो, बेटा." पोराने पायाखाली पाहिलं.

गाळाच्या ओल्या चकत्या वाळवायला त्यांना सांगानेरचा हाती बनवलेला कागदच लागायचा. तो पाणी हळू पितो, असं त्यांचं म्हणणं. त्या कागदांवर चकत्यांचे डाग उठायचे, राखाडी, गेरूच्या रंगाचे, काही हिरवट. तळ्यांची ती चित्रं बाईंनी घरात भिंतीवर लावली होती. एकदा खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचा दिल्लीचा जावई वर आला. बराच वेळ एका कागदासमोर उभा राहून त्याने विचारलं, "यह किसका काम है?" बाई म्हणाल्या, "बारिश का." तो मान डोलवत गेला. त्याला वाटलं, कुणी चित्रकार असावा.

आमचं मुख्य तळं सांभरच्या पलीकडे होतं. नकाशात त्याला धड नावही नाही. जाताना वाटेत गावांच्या पाट्या लागायच्या, आणि ज्या गावाच्या नावाशेवटी 'सर' असेल तिथे बाई हळूच म्हणायच्या, "पाणी." कारण इकडे सर म्हणजे तळं. बाहेर वाळू, खेजडीची झाडं, सावलीला बसलेल्या शेळ्या. आणि जीपमध्ये मागच्या बाकावर झोपेत बोलल्यासारखा तो आवाज, "पाणी... इथेही पाणी." मी चालकाच्या शेजारी बसलेला असायचो. पहिल्या खेपांना हसू यायचं. पुढे पुढे मला त्या उन्हात खरंच ओलावा जाणवायला लागला. काचेबाहेर वाळू सरकत असायची आणि तिच्यावरून काहीतरी निळसर सरकत असायचं. डोळे चोळले की जायचं.

उन्हाळ्यात तळं कोरडं पडायचं. मिठाचा पापुद्रा पायाखाली कुरकुरायचा आणि दुपारी जमीन कुठे संपते, आभाळ कुठे लागतं ते कळेनासं व्हायचं. लांबून येणारा माणूस आधी पायांशिवाय यायचा. तरंगत तरंगत बराच जवळ आला की मग त्याला पाय फुटायचे. त्या पांढऱ्या उजेडात काळी छत्री उघडून बाई घडीच्या स्टुलावर बसून राहायच्या. नळी ठोकण्याचं काम मजूर करत, घणाचे ठोके पडत, आणि मधेच त्या विचारायच्या, "सांगलीकर, लाटा ऐकू येतात का?"

पहिल्या वर्षी मी नाही म्हणायचो. पुढे मी नुसता गप्प राहायला लागलो. एकदा, का कोण जाणे, मी म्हणालो, "येतात. पण फार लांबून." बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी छत्री थोडी माझ्या बाजूला केली. इतकी सावली मला नंतर कुणी दिली नाही.

आता नळ्यांविषयी. बाहेर काढलेल्या नळीची वरची बाजू कोणती आणि तळाची कोणती, हे कधीही विसरायचं नाही. विसरलं तर हजारो वर्षं उलटी होतात, पाऊस आधी आणि दुष्काळ नंतर असं काहीतरी वाचलं जातं. दुसरीकडे बाण काढतात किंवा इंग्रजी अक्षरं लिहितात. बाईंच्या नळ्यांवर वरच्या टोपणावर 'आकाश' आणि तळाच्या टोपणावर 'पाताळ' असं लिहिलेलं असायचं. "बाण काढला की लोक विचारतात, बाण वर की माल वर," त्या म्हणायच्या. "इंग्रजी किशनजींना येत नाही. वर-खाली लिहिलं तर ते मराठी. ऊपर-नीचे लिहिलं तर तुम्ही घाईत एखाद दिवशी 'निचे' लिहाल, कुणी ते 'निचोड' वाचेल आणि गाळ पिळून काढेल. आकाश-पाताळ सगळ्यांना एकच." मला हे अति वाटायचं. खरं सांगायचं तर मला त्याची लाज वाटायची.

ज्या दिवशी तळाची नळी निघाली त्या दिवशी दिल्लीहून एक मोठे साहेब तळ्यावर आले होते. टोपणं बघून ते मोठ्याने हसले. "यह क्या है भई, रामलीला की मंडली है क्या?" मजूरही हसले. बाई लांब छत्रीखाली होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. माझे कान तापले. साहेब गेल्यावर शेवटची, सगळ्यात खोलची नळी वर आली. मी पाण्याने न जाणारा मेणखडू घेतला आणि एका टोपणावर लिहिलं 'वर', दुसऱ्यावर 'खाली'.

आता जयपूरला आलेल्या प्रत्येक मराठी घरात 'खाली'ची एक तरी गोष्ट असते. आमच्या हिने पहिल्याच आठवड्यात घरमालकिणीला सांगितलं होतं, "हमारे ये दिन भर खाली बैठते हैं." म्हणजे ऑफिसात खालच्या मजल्यावर बसतात. हिंदीत खाली म्हणजे रिकामं; घरमालकिणीला वाटलं मला कामधंदाच नाही, आणि ती भाडं आगाऊ मागायला आली. आम्ही कित्येक वर्षं हसत होतो त्यावर. तेव्हा मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण चिडलेला माणूस घरच्या भाषेत लिहून जातो.

त्यानंतरचे काही क्षण मी रोज आठवतो. मी बाईंना हाक मारली. तळाचं टोपण मी काढलं. त्यांनी टोकाचा थोडा गाळ तळहातावर घेतला आणि भिंग लावलं. वरचा सगळा गाळ राखाडी, मिठाने चरचरीत होता. हा काळा होता, लोण्यासारखा मऊ. त्यात बारीक बारीक शंख होते. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे. खाऱ्या पाण्यात त्या जगत नाहीत.

"गोडं होतं," बाई म्हणाल्या. "सांगलीकर, हे तळं गोडं होतं."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मी पाहिलं. मग त्यांनी सगळा गाळ पुन्हा जिथून काढला तिथेच, नळीच्या टोकाशी दाबून बसवला, कारण नळी नीट उघडायची ती प्रयोगशाळेतच, असा त्यांचा नियम. टोपण मी लावलं.

त्या आठवड्यात बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा घाई केली. मुख्य कार्यालयाला कळवून टाकलं, की हे तळं एके काळी गोड्या पाण्याचं होतं. नळी मात्र श्रावण लागेपर्यंत उघडायची नव्हती. कोरड्या हवेत गाळ तडकतो, म्हणून बाई नळ्या फक्त श्रावणात उघडायच्या. नळी भांडारात मांडणीवर ठेवली, तळाचं टोपण पुढे करून.

जुन्या, काम झालेल्या नळ्या किशनजी रिकाम्या करून धुऊन ठेवत, पुन्हा वापरायला. एका सकाळी मी भांडारात गेलो तर ती नळी दाराशी उभी होती. धुतलेली, चकचकीत, आरपार उजेड दिसणारी.

"किशनजी, यह किसने किया?"

"मैंने, साब." त्यांना शाबासकी हवी होती. "आपने ही तो लिखा था, खाली. मैंने कर दी. मिट्टी बढ़िया थी, फेंकी नहीं. मोगरे में डाल दी."

मी मागच्या वाफ्यात गेलो. पाण्याचा पाइप सोडलेला होता, वाफा भरून वाहत होता. मी गुडघ्यावर बसून त्या चिखलात हात घातला. मोगऱ्याला कळ्या होत्या आणि वास येत होता. हाताला मुळं लागली, विटेचा तुकडा लागला. चिखल सगळा एकच झाला होता.

किशनजी मागे येऊन उभे होते. "गलती हो गई, साब?"

"नहीं," मी म्हणालो. "बस किसी से कहना मत."

बाईंना मी काही सांगितलं नाही; नळी जागेवर नाही ते त्यांचं त्यांनाच कळलं. पुरावा बघायला दिल्लीहून समिती आली. बाईंनी सांगितलं, "नळी हरवली, जबाबदारी माझी." कुणी विश्वास ठेवला नाही. नळी काय किल्ली आहे हरवायला, असं एक जण म्हणाल्याचं ऐकलं. मग समितीने मला आत बोलावलं. बाई बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या.

"आप वहाँ थे. आपने अपनी आँखों से वह शंख देखे थे?"

मी हो म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न होता, मग ती नळी गेली कुठे आणि तिच्या टोपणावर काय लिहिलं होतं. माझी बढती तोंडावर होती. मुलगा शाळेत जायला लागला होता. ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, म्हणून इथेही लिहितो. त्यांचं वजन आता मला लागत नाही.

"ठीक से याद नहीं, सर," मी म्हणालो.

बाहेर आलो. बाईंनी मान वर केली. "सांगितलंत ना?"

"हो," मी म्हणालो.

बाईंचं काम बंद झालं. अहवालात त्यांचा शोध सिद्ध होत नाही असं आलं. पुन्हा नळी ठोकायची तर परवानगी, पैसा आणि बाईंवरचा विश्वास लागला असता, आणि तिन्हीतलं काही उरलं नव्हतं. निवृत्तीपर्यंत त्या तळघरात दगडांच्या पेट्यांना चिठ्ठ्या लावत बसल्या. तळ्यावर पुन्हा गेल्या नाहीत. मला बढती मिळाली. किशनजी कायम झाले, निवृत्त झाले, आणि एका हिवाळ्यात गेले. त्यांनी शब्द पाळला.

आणि दर संक्रांतीला, शहरभर पतंग उडत असताना, बाईंकडून आमच्याकडे तिळाचे लाडू यायचे. मंडळात दुसऱ्या कुणाकडे जात नसत. ही म्हणायची, "बाईंची तुमच्यावर फार माया आहे हो." मी लाडू आधी मुलाला, पुढे नातवंडांना देऊन टाकायचो. मी एकही खाल्ला नाही. हिला ती पथ्याची गोष्ट वाटायची. मी स्वतःची समजूत घातली होती, की बाईंनी ओळखलं असणार, मलाच वाचवायला त्या गप्प बसल्या असणार, आणि हे लाडू म्हणजे त्यांची क्षमा.

मध्यंतरी माझी नात सकाळी मला वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. तिचं मराठी तुटक आहे, वाचते ती हिंदीच. "आजोबा, सुनो, तुमच्या कामाचं आहे. 'पहली बार वैज्ञानिकों ने पाया कि यह खारी झील कभी मीठे पानी की थी.' मतलब, पहिल्यांदाच कळलं."

"पहिल्यांदा नाही," मी म्हणालो.

"यहाँ तो पहली बार लिखा है."

त्याच दुपारी मी रिक्षा केली आणि आदर्श नगरात गेलो.

बाई आता नव्वदीला आल्या आहेत. नजर गेली आहे, कान शाबूत. जिन्यावर माझी पावलं ऐकूनच म्हणाल्या, "या सांगलीकर. गुडघा उजवा का?" भिंतीवरचे कागद पिवळे पडले आहेत, पण आहेत. मी बातमी सांगितली. त्यांनी ती आधीच शेजारणीकडून वाचून घेतली होती. "चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "तळं गोडं होतं ते होतंच. कुणी का सांगेना."

मी सांगून टाकलं. टोपण, खाली, मोगरा, सगळं.

"ठाऊक होतं मला," बाई म्हणाल्या. "धुतलेलं टोपण मी पाहिलं होतं. तुमचा तो पोट सुटलेला 'ख'. काहून लिहिलंत तसं, एवढंच कळलं नाही कधी."

"मग बोलला का नाहीत? मला वाचवायला?"

त्या हसल्या. "तुम्हाला काय होणार होतं? तुम्ही कायम होता. फार तर एक ताकीद. किशनजी रोजंदारीवर होते हो. माझं नाव गेलं, त्यांचं घर गेलं असतं."

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी लहान झालो. तरी थोडं हायसंही वाटलं, की निदान हे त्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही केलंत की तुमचं. समितीला सांगितलंत, मी पाहिलं म्हणून. त्यांनी मानलं नाही ते त्यांचं. पण एका माणसाने तरी सांगितलं, यावर मी तळघरात बरे दिवस काढले."

लाडू कशाबद्दल येत होते ते मला तेव्हा कळलं.

उठून जाता आलं असतं. त्यांना दिसतही नव्हतं. मी म्हणालो, "बाई, मी सांगितलं नाही. मी म्हणालो, मला आठवत नाही."

खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. बाईंचा चेहरा खिडकीकडे होता. एरवी त्या माणसाला जिन्यापर्यंत पोचवायला येतात, आजही, भिंत धरून. त्या दिवशी उठल्या नाहीत.

"निघा तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि हे लिहून काढा. आधी मराठीत. बोलणारे आपलेच होते."

मी लिहायला बसलो. पानं लिहिली आणि फाडली. मग परवा त्यांचा फोन आला. त्या कुणाला फोन करत नाहीत, शेजारणीने लावून दिला असावा.

"लिहिलंत?"

"लिहितोय."

"तळाच्या नळीचं वाचा."

मी वाचलं, की गाळ काळा होता, मऊ होता आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते.

"केवढे?"

"बाजरीएवढे."

"हे मी मुख्य कार्यालयाला कळवलं होतं. तुम्ही ते वाचलं असेल. दुसरं काही सांगा. मी कुठे न लिहिलेलं." आवाज कोरडा होता. प्रयोगशाळेत नमुना तपासताना असायचा तसा.

मी डोळे मिटले. हळूहळू तो पांढरा उजेड आला. बाईंचा तळहात आला, त्यावरच्या रेघा, रेघांत बसलेला काळा गाळ. वारा पडला होता.

"भिंग माझ्याकडे देऊन तुम्ही एक शंख उचलायला गेलात," मी म्हणालो. "तो तुमच्या नखाखाली फुटला. तुम्ही 'अगं माय' म्हणालात. मग मी पाहिलं का, ते बघायला माझ्याकडे वळलात. मी लांब बघत असल्याचं दाखवलं."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"तो फुटलेला मी कधीच कुणाला सांगितला नाही," बाई म्हणाल्या. "लाज वाटली होती मला."

मी पेन उचललं.

"म्हणजे पाहिलं होतंत तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाज पुन्हा ओला झाला होता. "लिहा मग, सांगलीकर. फुटला तेही लिहा."